शहराने परवानगी दिली तेव्हा

व्रोनाच्या मटणाच्या दुकानात शनिवारी सकाळी रांग असते, आणि रांगेत उभं राहिलं की लुद्काची डावी मांडी हळूहळू बधिर होत जाते. मग ती पाय बदलते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, समोर टांगलेल्या सॉसेजच्या माळांकडे बघत राहते. त्या दिवशी तिच्यापुढे वरच्या मजल्यावरची कुबिकबाई होती. व्रोना आत काहीतरी तोडत होता आणि त्याचा मेहुणा काउंटरवर वर्तमानपत्र पसरून बसला होता. "हे ऐका," तो म्हणाला, "बायकांची कुस्ती आता आपल्या न्यू यॉर्कातही होणार. राज्याच्या क्रीडा आयोगाने बंदी उठवली म्हणे." "कसली बंदी?" कुणीतरी विचारलं. "बायकांनी कुस्ती खेळायची. इतकी वर्षं होती म्हणे." "मला नव्हतं बाई ठाऊक बंदी आहे ते," कुबिकबाई म्हणाली, "आमच्या घरी तर रोज चालते." दुकान हसलं. व्रोनाही आतून हसला. लुद्का हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, त्यामुळे कुबिकबाईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. लुद्काला आपल्या गालांवर रक्त चढल्यासारखं वाटलं. नाकात एकाएकी जुना वास भरला: घामट कॅनव्हास, सिगारचा धूर आणि कुणाच्या तरी केसांतलं गोडसर तेल. तिची पाळी आली तेव्हा तिने डुकराच्या मांडीचं मांस मागितलं, ते घेतलं आणि बाहेर पडली. ज्याच्यासाठी ती आली होती ते आईचं मऊ काळजाचं सॉसेज आणायचं राहिलंच, हे तिला जिन्यात आठवलं.

बंदी होती तेव्हा लुद्काला त्या बंदीबद्दल काहीच वाटायचं नाही. नदीत पोहू नये, भुयारी गाडीत थुंकू नये, तसंच या शहरात बायकांनी कुस्ती खेळू नये. युद्ध संपलं त्या वर्षी ती दोरखंडाच्या कारखान्यातली नोकरी सोडून बसने ओहायोला गेली. तिथे एका कोंदट व्यायामशाळेत तिला पडायला शिकवलं, आधी नुसतंच पडायला, महिनेच्या महिने. मग टेनेसी, जॉर्जिया, कॅन्सस, अलाबामा. पत्र्याची गुदामं, शाळांची सभागृहं, गुरांच्या बाजाराची मैदानं. सगळीकडे तिचं नाव लू हार्लन असायचं आणि ध्वनिक्षेपकावरून सांगायचे, टेक्सासची लाडकी लू हार्लन. टेक्साससाठी लोक उठून उभे राहायचे. तीही हात उंच करून टेक्सासची व्हायची. ब्रुकलिनमधल्या ग्रीनपॉइंटच्या चर्चमध्ये जिचं नाव ठेवलं, जिच्या बापाच्या कपड्यांना साखरेच्या कारखान्याचा चिकट वास यायचा, ती लुद्का गोरस्का कुणालाच नको होती, आणि तिलाही ती कधी हवीशी वाटली नव्हती. आता मात्र जिन्यात कठड्याला धरून उभी असताना तिच्या मनात आलं, की साऱ्या देशाने आपल्याला पाहिलं, फक्त या जिन्यातून चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांनी पाहिलं नाही. ती आता पन्नाशीला टेकली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांच्या कढया उचलत होती. हे असं एकाएकी वाटण्याचं काय कारण, ते तिला कळेना.

"सॉसेज कुठाय?" आईने खुर्चीतून विचारलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, पाय ओढत न्यावा लागायचा, आणि बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचं. पण डोकं शाबूत होतं. "विसरले." "मांस आणलंस, जे मला चावत नाही. आणि चावतं ते विसरलीस. शाबास." लुद्काने मांस ओट्यावर ठेवलं. आईशी ती कधीच फार बोलत नसे. कुस्तीचं कळलं तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "लोकांसमोर? पाय उघडे टाकून?" आणि पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायकांना सांगितलं होतं, की लुद्काला बायकांचे कंबर आवळायचे कॉर्सेट विकणाऱ्या कंपनीत फिरतीची नोकरी लागली. लुद्का नाताळला घरी आली तेव्हा बायका तिला कोपऱ्यात घेऊन कुठला कॉर्सेट बरा ते विचारू लागल्या. ती सल्ला द्यायची. पुढे पुढे तिला त्यातलं खरोखर कळायलाही लागलं. डोळा काळानिळा असला तर तो गाडीच्या दारावर आपटलेला असायचा. सगळं नीट चाललं होतं. फक्त वडील ते ऐकताना आपल्या ताटाकडे बघत राहायचे.

वडिलांचं आठवलं की तिला स्क्रँटनच आठवतं. पेनसिल्व्हानियातलं कोळशाच्या खाणींचं ते गाव न्यू यॉर्कपासून बसच्या टप्प्यात होतं. तिने घरी काही कळवलं नव्हतं, तरी त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्या दिवशी समोर डॉट होती, डॉट प्रुइट. डॉट टेनेसीची, रुंद खांद्यांची, रिंगमध्ये खलनायिकेचं काम करणारी. डॉटने तिचे केस मुठीत धरून डोकं कोपऱ्यातल्या खांबावर आपटलं, तसं प्रेक्षक नेहमीप्रमाणे ओरडू लागले, आणि त्या ओरडण्यात एक पोलिश आवाज आला. लुद्काने डोकं न हलवता डोळे फिरवले. तिसऱ्या-चौथ्या रांगेत तिचे वडील उभे होते. रविवारची टोपी डोक्यावर. "सोड तिला," ते ओरडत होते, "सोड माझ्या पोरीला, बाई आहेस की कोण आहेस." मग ते खुर्च्यांवरून पुढे यायला लागले. दोन पोलिसांनी त्यांना काखेतून धरलं. लोक हसत होते. त्यांना तो म्हातारा म्हणजे खेळाचाच एक भाग वाटला असेल. टोपी खाली पडली होती आणि ती उचलायला ते वाकत होते, पण पोलीस वाकू देत नव्हते. "चालू ठेव," डॉट तिच्या कानात म्हणाली, "लू, चालू ठेव, खाली पड आता." आणि ती पडली. दुसरं काय करणार होती? छताच्या दिव्याखाली पाठीवर पडून ती तो आवाज दाराबाहेर जाईपर्यंत ऐकत राहिली.

त्यानंतर ते दोघं कित्येकदा एका टेबलावर जेवले. तो विषय निघाला नाही. तिला त्यांना सांगायचं होतं. पण ओहायोत पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते हेच, की आतलं बाहेर सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, आईबापाला नाही, पाद्र्यासमोर कबुली देतानाही नाही. डॉट आणि ती एका गाडीतून गेल्या तर गाव यायच्या आधी डॉट मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि अंगावर कांबळं घ्यायची, कारण शत्रू एका गाडीतून येत नाहीत. कांबळ्याखालून ती विनोद सांगत राहायची. लुद्काला एकटीच हसत गाडी चालवावी लागे. ती सवय हाडांत इतकी मुरली, की वडील इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होते, तिच्या मनगटाचा सांधा चाचपून "दुखतं का गं अजून?" म्हणत होते, तेव्हाही तिच्या तोंडून एवढंच आलं, "नाही हो, बाबा. आता नाही."

पूर्वी तिच्या कुस्त्या भरवणाऱ्या हॅरिगनचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात. त्याला तिचा नंबर डॉटने दिला होता. "लू? आवाजावरून ओळखलंस की नाही?" "हॅरिगन. तू अजून मेला नाहीस?" "वेळ नाही मिळाला. हे बघ, क्वीन्समध्ये एक हॉल घेतोय. रविवार दुपार. बायकांची कुस्ती, या शहरात कधी न झालेली. आणि मला पहिल्या जोडीत या शहराची मुलगी हवीय." "मी टेक्सासची आहे," लुद्का म्हणाली. तो मोठ्याने हसला. "आता ब्रुकलिनची हो. खऱ्या नावाने उतर हवं तर. काय आहे ते तुझं, गोर... गोर..." "गोरस्का." "तेच. समोर डॉट. ती अजून खेळते, ठाऊक आहे ना? तिच्या गुडघ्यात लोखंड आहे म्हणे, पण खेळते." आई पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होती. लुद्काने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "विचार करून सांगते," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि "येईन" म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्टूलवर बसून राहिली. लहानपणी सर्कशीच्या आदल्या दिवशी वाटायचं तसं वाटत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी आई झोपल्यावर दुपारी ती गादी जमिनीवर ओढायची आणि तिच्यावर पडायची. हनुवटी छातीला, हात बाजूला, तळवे जमिनीवर सपाट, श्वास बाहेर. अंगाला सगळं आठवत होतं. खालच्या मजल्यावरच्या माणसाने छताला काठी लावून ठोकलं तेव्हा तिला हसू आलं, आणि ते हसू आवरताना लक्षात आलं, की डाव्या हाताची दोन बोटं आपल्याला जाणवत नाहीयेत.

कुस्तीच्या परवान्यासाठी डॉक्टरची तपासणी होती. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. एक्स-रे उजेडावर धरून त्याने तो आधी जवळून, मग लांबून पाहिला. "तुमची मान कधी मोडली होती?" "माझी? कधीच नाही." "मोडली होती," तो म्हणाला, "इथे. आणि इथेही. आपोआप जुळून आलीय, वाकडी." लुद्का त्या काळ्या फिल्मवरच्या पांढऱ्या मणक्यांकडे बघू लागली. आपल्या आत असं काही घडलं आणि आपण तिथे नव्हतो, असं तिला वाटलं. कुठे झालं असेल? चॅटनूगाला? मेकनला, रिंगची फळी निसटली होती तेव्हा? त्या रात्री ती उठली होती, हात उंचावला होता, मग गाडी चालवत पुढच्या गावाला गेली होती. मान दुखत होती, पण मान दुखायचीच. "मी सही करू शकत नाही," डॉक्टर म्हणाला, "तुम्ही चालताय हेच नशीब समजा. जड उचलू नका. कुणी धक्का देईल अशा गर्दीत जाऊ नका." "माझ्या आईला रोज उचलावं लागतं," ती म्हणाली. त्याने खांदे किंचित वर केले. तो वाईट माणूस नव्हता.

हॅरिगनने जरा वेळ शिव्या घातल्या, तिला नव्हे, एकंदर जगाला. मग म्हणाला, "असं कर. नुसती ये. घंटा व्हायच्या आधी दोरांच्या आत उभी राहा, मी नाव पुकारतो, हात हलव. डॉटसमोर कुठलीतरी पोरगी उभी करतो." हे कमीपणाचं होतं. पण हो म्हणून टाकल्यावर तिला वाटलं, की खरं तर हवं होतं ते एवढंच. खरं नाव. आपल्या गावात. बाकी पडणं-झडणं पुष्कळ झालं.

रविवारी जेवण झाल्यावर कुबिकबाई आईजवळ येऊन बसणार होती. तत्पूर्वी आईची आंघोळ उरकायची होती. लुद्काने ट्रंकेतून रिंगमध्ये घालायचा निळा झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. कॉलरवरचे चंदेरी टिकले निघाले होते, ते तिने आदल्या दिवशी शिवले होते. आई टबात बसून दारातून त्या झग्याकडे बघत होती. "कॉर्सेट विकायला चाललीस?" ती म्हणाली. लुद्काच्या हातातला स्पंज थांबला. इतक्या वर्षांत आईने त्यावर विनोद केला नव्हता. "क्वीन्सला जातेय. लवकर येईन." "आता मारामारी करणार? या वयात?" "नाही. नुसती उभी राहणार." "मग एवढं नटायचं कशाला?" लुद्काने तिच्या पाठीवर पाणी घातलं. पाठ लहान मुलासारखी अरुंद झाली होती, मणके कातडीखाली मोजता आले असते. मग तिने नेहमीसारखे दोन्ही हात आईच्या काखेत घातले, गुडघे वाकवले, आणि उचललं. अर्ध्यावर मांडी बधिर झाली. दुखलं नाही. पाय फक्त तिथे नव्हताच. आई तिच्या छातीवर, ओली, निसटती, आणि दोघी टबाच्या काठावरून बाहेर. पडताना लुद्काने अंग फिरवलं, म्हणजे आई वर आली आणि ती खाली. हनुवटी छातीला लावायचं मात्र जमलं नाही. मानेत काहीतरी कटकन वाजलं आणि मग फार शांत झालं.

आईला लागलं नव्हतं. ती बाजूला घरंगळून फरशीवर पडली होती. लुद्काने डाव्या हाताने तिच्या अंगावर टॉवेल ओढायचा प्रयत्न केला, तर हात गेला नाही. उजवा गेला. पाय कुठे आहेत ते दिसत होतं, जाणवत नव्हतं. उजवा हात तेवढा हलत होता, म्हणून ती त्या हाताने भिंत ठोकू लागली. वर कुबिकबाईच्या घरात काही हालचाल नव्हती. चर्चच्या अंगणात आज मेळा होता. खिडकीतून बँडचा आवाज आणि पोरांचा गलका येत होता.

"ऊठ," आई म्हणाली.

"उठता येत नाही."

"तू उठायचीस म्हणे. मारून मारून पाडायच्या, तरी उठायचीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापाने. दुसरं कोण सांगणार." आई छताकडे बघत होती. "स्क्रँटनहून आला तो दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, आपल्या पोरीला मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मग उठते आणि पुन्हा मार खाते. मी म्हटलं, कशाला गेलास बघायला? तर म्हणाला, ती एकटीच होती गं तिथे."

लुद्काने डोळे मिटले. बँड थांबला, पुन्हा सुरू झाला. ती सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "एकटी नव्हते, आई. डॉट होती. मारत नसतो आम्ही. म्हणजे लागायचं, पण मारत नसतो. ती मला उचलायची ना डोक्यावर, ते नुसतं तिच्या बळावर नाही. माणूस असा उचलला जात नाही. ती आधी माझा हात दाबायची, हळूच, कुणाला दिसणार नाही असा. हात दाबला की मी उडी मारायचे. मग मी हलकी व्हायचे. टाकतानासुद्धा तिचा हात शेवटपर्यंत माझ्या पाठीखाली असायचा. तिच्या बोटांची हाडं मोडली त्यात."

आईच्या तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. "सगळं ठरवून?"

"बरंचसं."

"आणि तो बिचारा..." ती थांबली. "त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसतं ते."

"मरणाऱ्या माणसालाही?"

उजव्या हाताने लुद्का टॉवेलचं टोक चाचपत राहिली. आईने आपला डावा हात फरशीवरून सरकवत आणला आणि तिचा हात धरला. आणि दाबला. लुद्काने तिच्याकडे पाहिलं. आईचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती एका पायाने फरशी रेटत होती. पाय साबणाच्या पाण्यात घसरत होता. "मार की उडी," ती म्हणाली, "मी दाबलाय." "आई, नको." "मार म्हणते ना." लुद्काने प्रयत्न केला. खरोखर केला. सगळं मन कमरेखाली ढकललं. काहीच झालं नाही. आईने पुन्हा दाबला, पुन्हा, मग तिची बोटं सैल झाली आणि ती धापा टाकत पडून राहिली. क्वीन्समध्ये आता घंटा झाली असेल, लुद्काच्या मनात आलं. नाव पुकारून, थोडं थांबून हॅरिगन पुढे गेला असेल. तो कुणासाठी थांबत नाही.

मेळ्यात रेंगाळून उशिरा आलेल्या कुबिकबाईने दार ठोकलं, हाका मारल्या, मग अग्निशमन दलाला फोन केला. कुलूप तोडून आलेले दोघं जण दणकट आणि तरुण होते. त्यांच्या बुटांनी न्हाणीघर भरून गेलं. त्यांतल्या एकाने आईला चादरीत गुंडाळून असं अलगद उचललं की तिला काही म्हणायलाही वेळ मिळाला नाही, आणि तिला दाराबाहेर खुर्चीवर बसवलं. कुबिकबाई तिच्या शेजारी निळा झगा हातात घेऊन उभी होती आणि तो कुठे ठेवावा ते तिला सुचत नव्हतं. मग ते लुद्काकडे वळले. मानेला काहीतरी ताठ बांधलं, अंगाखाली फळी सरकवायला लागले. "बाई वजनदार आहे," एक जण म्हणाला. "तू खांदे घे."

"तिचा हात दाबा आधी," आई खुर्चीतून म्हणाली. ती पोलिशमध्ये बोलत होती. त्यांना कळलं नाही. "अहो, हात दाबा तिचा. हात दाबला की ती उडी मारते. मग हलकी होते."

"आजी काय म्हणतायत?"

"घाबरल्यात," कुबिकबाई म्हणाली. तिला पोलिश येत होतं, पण यातलं काही समजलं नव्हतं. "म्हातारी आहे."

"मूर्ख आहेत सगळे," आई रडायला लागली. "दाबा म्हणते ना तिचा हात."

लुद्काचा उजवा हात फळीच्या कडेवरून बाहेर आला होता, तळवा वर, बोटं जराशी उघडी. तिच्या डोक्याशी वाकलेल्या मुलाने तो पाहिला, घाईत उचलून तिच्या पोटावर ठेवला आणि वरून पट्टा आवळला. मग दोघांनी एकमेकांकडे बघून श्वास घेतला आणि तिला उचललं, सगळंच्या सगळं वजन, आपल्या बळावर.